शहर कंपोस्टने मातीतले जिवाणू वाढतात की मरतात?

पुरंदर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: साडेतीन एकर मध्यम काळी जमीन, पिके कांदा, वाटाणा, हरभरा. शेणखताच्या ट्रॉलीचा भाव आवाक्याबाहेर गेला आहे आणि शहरातल्या कचऱ्याचे कंपोस्ट त्याच्या निम्म्या पैशांत बांधावर पोच मिळते आहे. विक्रेता सांगतो, यात कोट्यवधी जिवाणू आहेत, दोन वर्षांत जमीन जिवंत होईल. शेजारी सांगतो, कचरा तो कचराच, जमीन नासून जाईल. ऐकायचे कोणाचे?

विक्रेत्याचा आकडा खरा असेलही, पण त्याचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. शेजाऱ्याची भीती सरसकट खरी नाही, पण काही पोत्यांच्या बाबतीत अगदी खरी आहे. कोणते पोते कोणत्या प्रकारचे हे ओळखता आले की अर्धे काम झाले.

आधी जिवाणूंचे बघू. तुमच्या आजच्या मातीत, शेणखत न टाकतासुद्धा, ग्रॅममागे दहा कोटींच्या पुढे जिवाणू आहेत. त्यातले बहुतेक झोपलेले आहेत, कारण खायला नाही. बाहेरून आलेले जिवाणू कचऱ्याच्या गरम, दमट, अन्नाने भरलेल्या ढिगात वाढलेले असतात. शेतात आल्यावर त्यांना मे महिन्याचे ऊन, चुनखडी आणि आधीपासून ठाण मांडून बसलेले स्थानिक जिवाणू यांच्याशी सामना करावा लागतो. काही आठवड्यांत त्यांची संख्या ओसरते. म्हणून 'जिवाणूंनी समृद्ध' असे पोत्यावर छापलेले दिसले तर मी ते वाचून सोडून देतो. कंपोस्टमधून जमिनीला खरा मिळतो तो कर्ब (कार्बन), म्हणजे आधीपासून असलेल्या जिवाणूंचे खाणे.

हे आकड्यांत मांडतो, म्हणजे प्रमाण लक्षात येईल. एका एकरातल्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन साधारण 800 टन धरा. तुमच्या भागात सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे एकरात 4 टन कर्ब. त्यातला 1 ते 4 टक्के कर्बच जिवंत जिवाणू-बुरशींच्या शरीरात असतो. 2 टक्के धरला तर एकरी 80 किलो. तुमच्या जमिनीतला सगळा जिवंत कारभार एवढ्यावर चालतो. आता तुम्ही एकरी 5 टन शहर कंपोस्ट टाकले, त्यात 20 टक्के ओल आणि कायद्याने मागितलेला किमान 12 टक्के कर्ब असेल, तर सुमारे 480 किलो कर्ब शेतात गेला. एकूण कर्बाच्या हिशेबात ही भर 0.06 टक्का, म्हणजे माती परीक्षणाच्या अहवालात जेमतेम दिसेल एवढी. पण 80 किलोच्या जिवंत साठ्यासमोर 480 किलो खाणे ही मोठी गोष्ट आहे. म्हणून पहिल्या हंगामात कर्बाचा आकडा हलत नाही, तरी माती भुसभुशीत लागते, वाफसा लवकर येतो, पावसानंतर पापुद्रा कमी धरतो. शेतकरी असे सांगतात तेव्हा ते कल्पना करत नसतात.

घडते असे. कंपोस्ट मातीत मिसळले आणि ओल मिळाली की पहिले दोन-तीन आठवडे झटपट वाढणारे जिवाणू त्यातला सोपा भाग खातात. मातीतून कार्बन डायऑक्साइड जोरात बाहेर पडतो. त्यानंतर बुरशी आणि ऍक्टिनोमायसीट्स (बुरशीसारखे धागे धरणारे जिवाणू) उरलेल्या चिवट भागावर काम करतात. पहिल्या पावसाला येणारा मातीचा वास हा ऍक्टिनोमायसीट्सचाच. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट स्राव मातीचे बारीक कण एकमेकांना बांधतात, आणि असे बांधलेले कण पाण्यात लगेच विरघळत नाहीत. काळ्या चिकण जमिनीत ही गोष्ट खताच्या गोणीपेक्षा मोलाची आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. मुरलेल्या कंपोस्टमधला बराच कर्ब चिवट असतो, कारण सोपा भाग ढिगातच जळून गेलेला असतो. नुसत्या कंपोस्टने जिवाणूंचे पोट भरत नाही. त्याच्या जोडीला ताग किंवा धैंचा हिरवळीचे खत म्हणून गाडला, निदान पिकाचे धसकट आणि भुसा जाळण्याऐवजी शेतात ठेवला, तर त्याच कंपोस्टचा परिणाम जास्त दिसतो.

आता खताचे मूल्य. 2016 सालच्या घनकचरा नियमांत आणि तेव्हाच्या खत नियंत्रण आदेशात शहर कंपोस्टला नत्र किमान 0.8 टक्के, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी किमान 0.4 टक्के मागितले होते. दोन टन कंपोस्टमधून, ओल वजा जाता, तुम्हाला जेमतेम 12-13 किलो नत्र मिळते, आणि पहिल्या हंगामात त्यातले फार तर पाचवा हिस्सा पिकाच्या हाती लागते. युरियाच्या एका 45 किलोच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असते. तेव्हा कंपोस्ट टाकले म्हणून यंदाच युरिया निम्मा करायचा, हा सल्ला कोणी दिला तर मानू नका. उलट कच्चे कंपोस्ट आले तर नत्राची ओढाताण होईल. जिवाणूंना स्वतःचे शरीर बांधायला साधारण आठ भाग कर्बाला एक भाग नत्र लागते. त्यांना खायला मिळालेल्या मालात हे प्रमाण पंचविसाच्या वर गेले की कमी पडणारे नत्र ते मातीतून उचलतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून नियमात कर्ब-नत्र गुणोत्तर 20 पेक्षा कमी मागितले आहे.

कच्चेपणा हा शहर कंपोस्टचा सर्वांत नेहमीचा दोष आहे आणि तो बहुतेक वेळा जागेच्या टंचाईतून येतो. रोज घंटागाड्या येत असतात, ढीग हलवायची घाई असते, मुरायला द्यायचा महिना-दीड महिना कापला जातो. ढिगाचे तापमान 55 अंशांच्या वर बरेच दिवस टिकले आणि ढीग वेळोवेळी पलटला गेला तर रोगजंतू आणि तणांचे बी मरते. अमेरिकेच्या नियमात उघड्या ढिगांसाठी 15 दिवस आणि निदान पाच वेळा पलटणे अशी अट आहे. पण गरम टप्पा संपला म्हणजे खत झाले असे नव्हे. पुढचा थंड टप्पा, ज्यात सेंद्रिय आम्ले आणि अमोनिया निवतात, तोच पिकाच्या मुळांसाठी महत्त्वाचा.

हे घरी तपासता येते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर कंपोस्ट ओले करून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तीन दिवसांनी उघडा. आंबूस किंवा कुजका वास आला, पिशवी फुगलेली असली, तर माल कच्चा. दुसरी चाचणी अळिवाची. बाळंतिणीच्या लाडवातले हेच अळीव जगभरच्या कंपोस्ट प्रयोगशाळा वापरतात, कारण ते चटकन रुजते आणि विषाला फार हळवे असते. एक भाग कंपोस्ट दहा भाग पाण्यात हलवून गाळून घ्या. टिपकागदावर हे पाणी घालून वीस बिया ठेवा, शेजारी साध्या पाण्यावर वीस. दोन-तीन दिवसांनी किती रुजल्या ते मोजा आणि मुळांची लांबी पट्टीने मोजा. रुजलेल्या बिया आणि मुळांची लांबी यांचा गुणाकार साध्या पाण्यावरच्या गुणाकाराच्या 80 टक्क्यांच्या वर असेल तर पोते शेतात जाऊ द्या. मुळे आखूड, तपकिरी, वाकडी असतील तर आणखी महिनाभर सावलीत ओले करून मुरवा आणि मग पुन्हा तपासा.

कच्चेपणा महिन्याभरात सुधारता येतो. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, तांबे, जस्त यांना मात्र असा उतारा नाही. कर्ब जिवाणू खातात आणि हवेत सोडतात, दरवर्षी नवा टाकावा लागतो. धातू कुठेच जात नाहीत. दरवर्षीच्या खेपेबरोबर ते साठत राहतात. विक्रेता आणि शेजारी यांच्या भांडणात शेजाऱ्याची बाजू इथे येते.

2016 च्या नियमांतली मर्यादा (प्रति किलो कोरड्या कंपोस्टमध्ये मिलिग्रॅम): कॅडमियम 5, शिसे 100, निकेल 50, क्रोमियम 50, तांबे 300, जस्त 1000, आर्सेनिक 10, पारा 0.15. युरोपात 2019 च्या नियमानुसार माती सुधारणाऱ्या सेंद्रिय पदार्थांत कॅडमियम 2 पेक्षा जास्त चालत नाही. शिसे मात्र त्यांच्याकडे 120 पर्यंत चालते. म्हणजे आपला कायदा सगळीकडेच ढिला आहे असे नाही, पण कॅडमियमच्या बाबतीत आहे. कॅडमियम 5 च्या मर्यादेला टेकलेले कंपोस्ट एकरी 4 टन कोरडे दरवर्षी टाकले तर वर्षाला 20 ग्रॅम कॅडमियम शेतात जाते. 800 टन मातीत वाटले तर 0.025 मिलिग्रॅम प्रति किलो. नगण्य वाटते ना? वीस वर्षांत 0.5 होते, आणि बऱ्याच जमिनींत नैसर्गिक कॅडमियमच एवढे किंवा याहून कमी असते. आपण साठा दुप्पट केला, आणि तोही कायद्याचे पालन करून.

प्रत्यक्षात पोत्यात किती असते? भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 29 शहरांतले कंपोस्ट तपासून 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिश्र कचऱ्याच्या तुलनेत घरातच वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये शिसे 84 टक्के, तांबे 78 टक्के, कॅडमियम 64 टक्के कमी निघाले. आणि सेंद्रिय पदार्थ 57 टक्के, नत्र 77 टक्के जास्त. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांच्या कंपोस्टमध्ये कॅडमियम लहान शहरांच्या जवळजवळ तिप्पट होते. या एका अभ्यासात तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ओला-सुका वेगळा करण्याचा जो कंटाळा शहरातला माणूस करतो, त्याचा हिशेब पुरंदरच्या वाटाण्याच्या शेतात लागतो. आणि कचरा एकदा मिसळल्यावर कोणतीही चाळण तो हिशेब मिटवू शकत नाही, कारण बॅटरीतले, रंगातले आणि रस्त्याच्या झाडलोटीच्या धुळीतले धातू ओल्या कचऱ्याच्या कणाकणाला चिकटलेले असतात. पेट्रोलमधले शिसे आपल्याकडे 2000 साली बंद झाले, तरी रस्त्याकडेच्या जुन्या धुळीत ते अजून आहे.

(इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1920 च्या दशकात कंपोस्टची पद्धत बसवली, त्यानंतर बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी 1939 मध्ये शहरी कचऱ्यासाठी खड्ड्यांची पद्धत दिली. दोन्ही आजही पुस्तकात शिकवल्या जातात. पण त्या काळच्या कचऱ्यात राख, माती, भाजीचे देठ होते. बॅटरी, ट्यूबलाइट, डायपर आणि सॅशे त्यात नव्हते. पद्धत तीच ठेवून कच्चा माल बदलला की खत तेच निघेल हे गृहीत धरणे चुकीचे.)

धातूंनी जिवाणूंचे काय होते? ते लगेच मरत नाहीत, म्हणून फसगत होते. इंग्लंडमध्ये वोबर्न येथे 1942 ते 1961 दरम्यान शेतात मैलागाळ टाकला गेला. कंपोस्टपेक्षा तो धातूंनी जास्त भरलेला होता, पण धडा तोच आहे. गाळ टाकणे थांबवून वीस वर्षे उलटल्यावरही त्या मातीतले जिवाणूंचे वजन शेजारच्या मातीच्या निम्म्याच्या आसपास होते. त्याहून बोलका पुरावा पांढऱ्या क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या मुळांवर मिळाला: गाठी होत्या, पण त्या नत्र बांधत नव्हत्या. चांगले रायझोबियम, म्हणजे गाठींत राहून हवेतले नत्र बांधणारे जिवाणू, मातीतून नाहीसे झाले होते आणि धातू सोसणारा, पण कामाला नालायक असा एकच वाण उरला होता.

स्पेनमधल्या एका नऊ वर्षांच्या प्रयोगात जवाच्या शेतात हेक्टरी 20 आणि 80 टन शहर कंपोस्ट टाकले. जिवाणूंचे वजन वाढले, मातीचे श्वसन दाखवणारी विकरे (एन्झाइम) वाढली. पण युरियाचे विघटन करणारे युरिएज आणि स्फुरद मोकळे करणारे फॉस्फेटेज ही दोन विकरे घटली, आणि अभ्यासकांनी बोट धातूंकडे दाखवले. त्यामुळे 'आमचे खत टाकल्यावर मातीचे श्वसन वाढले' असा तक्ता कोणी दाखवला तर भारावून जाऊ नका. धातूंच्या ताणाखाली जिवाणू जगण्यासाठीच जास्त कर्ब जाळतात, तेव्हाही श्वसन वाढलेलेच दिसते.

आता तुमची जमीन. चुनखडीची, सामू (pH) 8 च्या आसपासची काळी जमीन धातूंना बऱ्यापैकी जखडून ठेवते. शिवाय महाराष्ट्रातल्या बऱ्याच जमिनींत जस्ताची कमतरता आहे, त्यामुळे कंपोस्टमधले जस्त मर्यादेत असेल तर पिकाला उपयोगाचेच. कोकण आणि गोव्यातल्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत गणित उलटे होते. तिथे कॅडमियम मोकळे राहते आणि पिकात चढते. हेच कंपोस्ट सावंतवाडीच्या शेतकऱ्याने विचारले असते तर मी जास्त हात आखडला असता. पिकांतही फरक आहे: पालक, मेथी, चुका अशा पालेभाज्या कॅडमियम झटकन उचलतात, दाण्यांत ते कमी जाते. फळझाडे त्या मानाने सुरक्षित. शहर कंपोस्ट पहिल्यांदा वापरायचे तर बांधावरच्या सीताफळाला किंवा डाळिंबाला वापरा, पालेभाजीच्या वाफ्याला शेवटी.

क्षारांकडेही लक्ष द्या. शिळ्या अन्नातले मीठ ढिगात साठते. नियमात क्षारतेची मर्यादा 4 डेसिसीमेन्स प्रति मीटर आहे. तुमच्या जमिनीत निचरा चांगला असेल आणि पाऊस वेळेवर पडला तर ते धुऊन जाईल. पण सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या क्षारपड पट्ट्यात किंवा अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात मी हे कंपोस्ट क्षारता तपासल्याशिवाय टाकू देणार नाही. वाटाणा आणि कांदा दोन्ही क्षारांना हळवे, तेव्हा तुम्हीही पेरणीच्या तोंडावर टाकू नका.

प्लॅस्टिक आणि काच डोळ्यांनीच कळते. मूठभर कंपोस्ट बादलीभर पाण्यात ढवळा: प्लॅस्टिकचे कपटे वर तरंगतील, काच तळाला बसेल. प्रकल्पात कंपोस्ट 4 मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेले असले तरी त्याहून बारीक तुकडे खाली येतातच. एका ओंजळीत पाच-सहा रंगीत तुकडे दिसले तर कचरा घरात वेगळा झालेला नाही हे समजा, मग धातूंचा अहवाल कितीही सुंदर असो.

विक्रेत्याकडे मागायचे ते असे. कंपोस्ट कोणत्या प्रकल्पाचे, आणि तिथे कचरा वेगळा येतो की मिसळून? त्याच घाणीचा (म्हणजे बॅचचा) आठही धातूंचा, कर्ब-नत्र गुणोत्तराचा आणि क्षारतेचा अहवाल. तीन वर्षांपूर्वीचा झेरॉक्स दाखवला तर तो अहवाल नव्हे. केंद्राने 2016 च्या फेब्रुवारीत शहर कंपोस्टला टनामागे 1500 रुपये साहाय्य जाहीर केले आणि राज्याने 'हरित महा सिटी कंपोस्ट' हा ब्रँड आणला, तेव्हापासून बाजारात चांगला माल आहे. तसाच नावाचा आधार घेऊन विकला जाणारा भुसभुशीत राडाही आहे. ओलही बघा. 25 टक्क्यांपर्यंत चालते, त्याच्या वर तुम्ही पाण्याचे पैसे देत आहात.

जुने कचरा डेपो खणून, चाळून काढलेली काळी माती हल्ली 'कंपोस्ट' म्हणून फिरते आहे. ती दिसायला सुंदर असते, वास येत नाही, आणि बहुधा फुकट मिळते. वर्षानुवर्षे मिश्र कचऱ्याखाली दबलेल्या त्या मालात धातू भरपूर असू शकतात आणि कर्ब कधीच संपलेला असतो. भराव घाला, रस्त्याकडेला झाडे लावा. खायच्या पिकाच्या शेतात एक घमेलेसुद्धा नको.

अहवाल समाधानकारक असेल, कॅडमियम 2 च्या खाली असेल, तर पहिल्या वर्षी एकरी दोन टन पुरे. वळवाचा एखादा पाऊस झाल्यावर, जमिनीत ओल असताना टाका आणि चार-सहा इंचांत मिसळा. कोरड्या मे महिन्यात वरून पसरलेले कंपोस्ट नुसते उन्हात वाळते, जिवाणूंना ओल नसेल तर खाणे असून उपयोग नाही. पेरणीआधी निदान तीन आठवडे जाऊ द्या. दरवर्षी न टाकता दोन-तीन वर्षांतून एकदा टाका, मधल्या वर्षी ताग गाडा. धातूंचा साठा रोखायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. आणि शेताच्या एका कडेला पाच-सहा सऱ्यांचा पट्टा कंपोस्टशिवाय ठेवा, नाहीतर काय कशामुळे झाले हे कधीच कळणार नाही.

त्या पट्ट्यात आणि बाकीच्या शेतात मांजरपाटाचे सारखे तुकडे वीतभर खोल पुरून दोन महिन्यांनी काढा. ज्या भागात कापड जास्त खाल्ले गेले तिथे कुजवणारे जिवाणू जास्त कामात आहेत. पण माझा जास्त भरवसा हरभऱ्यावर आहे. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन्हीकडची दहा-दहा झाडे मुळांसकट हलक्या हाताने खणून काढा, धुवा, गाठी मोजा आणि नखाने फोडून बघा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर रायझोबियम नत्र बांधत आहे. कंपोस्टच्या बाजूला गाठी थोड्या कमी दिसल्या तरी घाबरू नका. मातीत नत्र जास्त असले की झाड स्वतःच गाठी कमी धरते. गाठी भरपूर आहेत पण आतून पांढऱ्या किंवा हिरवट आहेत, आणि कोऱ्या पट्ट्यात मात्र लाल आहेत, असे दिसले तर पुढची खेप थांबवा आणि मातीचा धातूंसाठी नमुना द्या. तो नमुना पहिली खेप टाकण्याआधीही एकदा देऊन ठेवा, म्हणजे नंतरच्या आकड्याशी ताडून बघायला काही हाती असेल.